बंडगर सर, तुमची बाजू

सर, आज सकाळी गच्चीवर जे घडलं ते सांगायला मी अक्षरशः धावत जिना उतरले. खाली काकू सुपात शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या. मी श्वास न घेता सांगायला लागले, तर त्यांनी निम्मंच ऐकलं आणि म्हणाल्या, "मला कशाला सांगताय डॉक्टर? मला त्यातलं काय कळतंय? त्यांनाच सांगा की."

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय. तरी काकू इतक्या सहज बोलल्या, जणू तुम्ही कोपऱ्यावर दूध आणायला गेलाय. म्हणून तुम्हालाच लिहायला बसलेय. ओपीडीला वेळ आहे, अंगावरचा घाम वाळलेला नाही आणि उजवा अंगठा अजून ठणकतोय. पण मधूनच सुरू केलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते. थोडं तुम्हाला माहीत असलेलंही ऐकून घ्या.

मला तुमच्याकडे पाठवलं श्रीनिवासनं. टॉवेलच्या कारखान्याचा मालक, घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी. त्याची आई माझ्या हॉस्पिटलात ॲडमिट होती. मी एका सिस्टरवर ओरडत होते ते त्यानं दारात उभं राहून ऐकलं आणि निघताना म्हणाला, "मॅडम, जुळे सोलापुरात एक सर आहेत. जपानी काठी शिकवतात. पण सगळ्यांना घेत नाहीत की. ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांनाच." मला वाटलं, मोठ्या लोकांसाठी काहीतरी महागडी हौस असेल. तुमच्या घरी आले तर तुम्ही बनियनवर, गच्चीवरच्या कुंडीतल्या मिरचीला पाणी घालत होतात.

"हाताखाली माणसं किती?" तुम्ही वर न बघता विचारलंत.

"बरीच आहेत."

"त्यातलं तुमाला न्हाय कोण म्हणतंय?"

मी विचार केला. खरंच केला. मग म्हटलं, "मुलगी म्हणते."

"ती कुटल्या वॉर्डला हाय?"

"वॉर्डला नाही. ती नववीत आहे."

तुम्ही इतक्या जोरात हसलात की हातातला डबा हिंदकळला. "मग या उद्यापासनं," म्हणालात. "ज्याला कुणी न्हाय म्हणत न्हाय, त्याला लाकडानं न्हाय म्हणायला लागतं."

तुमची गच्ची मी आयुष्यात विसरणार नाही. वर पत्रा, खाली तुम्ही स्वतः ठोकलेल्या फळ्या, भिंतीला टेकवलेल्या काठ्या आणि एक लाकडी तलवार. उन्हाळ्यात आठ वाजेपर्यंत पत्रा तापायचा, म्हणून आपण उजाडतानाच सुरू करायचो. चपला जिन्यात सोडायच्या, फळीवर पाय ठेवण्याआधी वाकून नमस्कार करायचा. श्रीनिवासला ते वाकणंच जमायचं नाही. मान तेवढी हलवायचा. तुम्ही म्हणायचात, "कंबर हाय का न्हाय तुला? का कारखान्यात ठिवून आलास?"

वर तुम्ही आम्हाला 'तू' म्हणायचात आणि जिना उतरला की लगेच 'तुमी'. वर "शुभांगी, गुडघा वाकव", खाली "डॉक्टर, चा घेणार न्हवं?" मला पहिले काही दिवस ते विचित्र वाटलं. नंतर त्या 'तू'साठी मी पहाटे उठायला लागले. आई गेल्यापासून मला तू म्हणणारं मोठं माणूस उरलं नव्हतं.

आणि तो 'जो'चा घोळ! जपानीत त्या काठीला 'जो' म्हणतात. पहिल्याच सकाळी तुम्ही म्हणालात, "जो घे." मी म्हटलं, "जो कुठला?" तुम्ही म्हणालात, "जो हाय तो." मी भिंतीकडे बघत बसले. शेवटी महानंदा पुढे आली, माझ्या हातात काठी दिली आणि म्हणाली, "मला तर आठवडाभर कळलं नव्हतं, अक्का."

महानंदा अक्कलकोटच्या बाजूच्या गावची सरपंच. घरात कानडी. बैठकीत पुरुष तिच्या वाक्याच्या मधेच बोलायला लागायचे, आणि ती थांबायची. वार करताना जी आरोळी द्यायची असते ती तिच्या तोंडून निघायचीच नाही. एका सकाळी ती निघाली, आणि शेजारच्या टाकीवरची सगळी कबुतरं उडाली. तुम्ही तलवार खाली घेऊन म्हणालात, "हा आवाज ग्रामसभेला नेत न्हाईस व्हय?" पुढच्या ग्रामसभेला तिनं नेला. ते सांगायला ती गावाहून एसटीनं सकाळी सकाळी आली होती आणि चहा प्यायच्या आतच सगळं करून दाखवलं होतं, सरपंचाच्या खुर्चीसकट.

सरावाची रीत तुम्ही एकदाच समजावलीत. एकाच्या हातात लाकडी तलवार, दुसऱ्याच्या हातात काठी. तलवारवाला वार करतो, काठीवाला पुढे तिरका सरकून तो वार चुकवतो आणि जिंकतो. प्रत्येक वेळी काठीच जिंकते. तसंच ठरलेलं आहे. मी विचारलं, "मग तलवार नवख्याच्या हातात असणार?" तुम्ही म्हणालात, "न्हाय. तलवार मास्तराच्या हातात. हरणारा मास्तर असतोय."

मला ते पटलं नाही. वरिष्ठानं रोज सगळ्यांसमोर हरायचं? माझ्या हॉस्पिटलात मी एक दिवस हरले तर दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉय उशिरा येतील. तेव्हा तुम्ही तुमच्या गुरूबद्दल सांगितलंत. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा इंजिनिअर होतो, मागाच्या कंपनीत लागतो, जपानला जातो आणि संध्याकाळी एका म्हाताऱ्याकडे काठी शिकायला लागतो. "मला वाटलं हुतं, म्हातारा मला हाणील," तुम्ही म्हणालात. "त्यो रोज हरायचा. बरुबर इतकाच पुढं यायचा की मी खरं काम केलं तरच जिंकीन. जरा फसवाफसवी केली की तलवार डोक्यावर. त्यानं हरून हरून शिकवलं मला." मग तुम्ही कंपनीत मोठे झालात, हाताखाली माणसं आली आणि तुमच्या लक्षात आलं, की आपल्यासमोर कुणी खरं काम करत नाही, सगळे नुसते वाकतात. परत आल्यावर म्हणूनच हा वर्ग फक्त पुढाऱ्यांसाठी.

मी पहिल्यांदा खरी जिंकले ती सकाळ आठवते? तोवर मी पाढे म्हणत असल्यासारखी काठी फिरवायचे. त्या दिवशी तुम्ही आलात आणि मला कळलं, की हा वार येतोय. खरा. डोक्याकडे. मी काही ठरवलं नाही. पाय आपोआप तिरका पडला, काठीचं टोक तुमच्या मनगटाशी जाऊन थांबलं, तुमची तलवार माझ्या खांद्याजवळून हवेत गेली. आणि तुम्ही, हरलेले तुम्ही, ओरडलात, "हाय की! हाय की गं!" श्रीनिवासनं तर शिट्टी मारली. मी डॉक्टरकीची परीक्षा पास झाले तेव्हा इतकी नाचले नव्हते. हॉस्पिटलात पोचल्यावर ज्या सिस्टरवर मी नेहमी ओरडायचे तिनं विचारलं, "मॅडम, काय झालं? चांगली बातमी आहे का?" मी म्हटलं, "हो, मी एका म्हाताऱ्या माणसाला मारायला शिकतेय." ती आठवडाभर माझ्यापासून लांब राहिली.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते टाळून मला पुढे जाताच येणार नाही.

त्या दुपारी हायवेवरच्या अपघातातला मुलगा आणला, तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. आम्ही प्रयत्न केले, पण तो गेला. थोड्याच वेळात पोर्चमध्ये गर्दी झाली. काचा फोडा, डॉक्टरला बाहेर काढा, असा गोंगाट सुरू झाला. सिक्युरिटीवाला मला म्हणाला, "मॅडम, आत बसा, पोलीस येतायत." मी वॉर्डचं दार आतून लावून घ्यायला सांगितलं आणि एकटी बाहेर गेले.

मुलाचा चुलता सगळ्यात पुढे होता. धिप्पाड माणूस, डोळे लाल, हातात वेटिंग रूममधली प्लास्टिकची खुर्ची. ती त्यानं डोक्यावर उचलली. आणि माझा पाय तिरका पडला, सर. पुढे आणि बाजूला. हातात काठी नव्हती, काहीच नव्हतं. मी त्याच्यासमोर उरलेच नाही, त्याच्या शेजारी उभी होते. खांद्याला खांदा. आम्ही दोघंही गर्दीकडे बघत होतो. तो तसाच खुर्ची धरून उभा. मी हळू म्हटलं, "काका, चला, तुम्हाला त्याच्याजवळ नेते." त्यानं खुर्ची खाली ठेवली आणि त्याच खुर्चीवर बसून रडायला लागला. मी त्याला आत नेलं. गर्दी आपोआप गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर आले ती जवळजवळ उडतच. तुम्ही "हाय की!" म्हणणार, एवढंच डोक्यात. मी सगळं सांगितलं, पाय कसा पडला ते करून दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "लई मोठी चूक केलीस."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"खुर्ची डोक्यात बसली असती तर? दवाखाना कुणी चालवला असता? दार लावून आत बसायचं हुतं. पोलीस येत हुते न्हवं?"

"तुम्हीच शिकवलंत, वार आला की पुढे जायचं!"

"हितं शिकवलं. हितं लाकूड माज्या हातात असतंय. माजा हात थांबतोय, म्हणून तू पुढं येऊ शकतीस. त्या माणसाचा हात थांबणार हाय का न्हाय, हे तुला काय ठावं?"

"पण थांबला ना, सर."

"एकदा थांबला."

मी काठी भिंतीला टेकवली आणि नमस्कार न करता खाली उतरले. तुम्ही मागून हाक मारली नाहीत. काकूंनी चहा विचारला, तोही घेतला नाही. पण दुसऱ्या दिवशी आलेच, आणि आपण जिथे थांबलो होतो तिथूनच सुरू झालो. मी म्हणायचे, आत बसले असते तर त्या माणसानं काच फोडली असती, पोलिसांनी त्याला नेलं असतं आणि पुतण्याला त्यानं शेवटचं पाहिलं नसतं. तुम्ही म्हणायचात, "त्याच्यासाटी बरुबर हाय, तुज्यासाटी चूक हाय." मी म्हणायचे, पुढाऱ्यानं पुढे नाही जायचं तर कुणी जायचं? तुम्ही म्हणायचात, "पुढाऱ्यानं उद्या बी कामावर जायचं असतंय." श्रीनिवास माझ्या बाजूनं होता. महानंदा सकाळी माझ्या बाजूनं असायची आणि गावातला एखादा तंटा ऐकून आली की तुमच्या. आपण फोनवर भांडलो, चहावर भांडलो. एकदा तर एका लग्नात पंगतीत शेजारी बसून भांडलो. वाढणारा जिलेबी घेऊन उभा, आणि तुम्ही ताटाजवळच बोटानं मला दाखवताय की पाऊल कुठं पडायला हवं होतं.

मग तुमच्या हृदयानं कुरकूर सुरू केली. मी म्हटलं, माझ्याकडे ॲडमिट व्हा. तुम्ही साफ नाही म्हणालात. "तुमच्या दवाखान्यात आलो म्हंजी मी तुमच्या हाताखाली. मग तुमाला न्हाय कोण म्हणणार?" दुसरीकडे ॲडमिट झालात. मी रोज भेटायच्या वेळेत यायचे, इतर नातेवाइकांबरोबर रांगेत. तुमच्या केसपेपरकडे बघायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत. मी बघायचे. सगळं कळत होतं.

घरी आणल्यावर शेवटच्या भेटीत तुम्ही उशीला टेकून बसला होतात. मला बघितलंत आणि डोळे चमकले. "डॉक्टर, त्या खुर्चीचा मी परत इचार केला," म्हणालात. मी स्टूल पुढे ओढलं. तेवढ्यात तुम्हाला खोकला आला, काकू पाणी घेऊन आल्या, मग शेजारचे कुणीतरी आले आणि त्यांनी आंब्याचा विषय काढला. तुम्ही माझ्याकडे बघून हात हलवलात, उद्या बोलू अशा अर्थानं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

काय विचार केला होतात, सर? त्या दिवशी पहिल्यांदा माझं बरोबर म्हणणार होतात, की नवीन मुद्दा सापडला होता? तुमच्या डोळ्यांवरून तरी मला वाटतं, नवीन मुद्दाच होता. आणि मीही तुम्हाला एक सांगितलं नाही. खुर्ची वर गेली तेव्हा मी काहीही शिकलेलं आठवलं नव्हतं. मला फक्त तुमचा आवाज ऐकू आला होता, "शुभांगी, श्वास सोड." तेव्हाच पाय हलला. हे सांगितलं असतं तर तुम्ही विरघळला असतात, वाद तिथेच मिटला असता, आणि मला तो मिटवायचा नव्हता. तुमच्याशी भांडताना माझा दिवस फार चांगला जायचा.

आता आज सकाळचं.

तेराव्यानंतर काकू म्हणाल्या, गच्ची तशीच हाय, तुमी या. आज आम्ही तिघं पहिल्यांदा आलो. चपला सोडल्या, वाकलो. श्रीनिवास कमरेतून वाकला, सर, अगदी खालपर्यंत. प्रत्येकानं आपापली काठी घेतली आणि आम्ही आपापल्या जागी उभे राहिलो. मग एकमेकांकडे बघत राहिलो. तिघांच्याही हातात काठी. तलवार भिंतीलाच.

तुम्ही कुणाला तलवार शिकवलीच नव्हती! कुणी मागितली की "अजून येळ हाय" म्हणायचात. आम्हाला तिघांना फक्त जिंकता येतं. हरायचं कसं ते एकालाही येत नाही.

श्रीनिवास म्हणाला, "पुण्याहून कुणाला तरी बोलावू. मी बघतो सगळं." महानंदा म्हणाली, "बाहेरचा माणूस नको. त्यापेक्षा बंद करू." मी म्हटलं, मीच ठरवते. मग तिघंही एकदम बोलायला लागलो. तीन पुढारी, एक गच्ची, आणि ऐकणारं कुणी नाही. आवाज इतके चढले की आता वर्ग इथेच संपतो असं मला वाटलं.

शेवटी मी बोलणं थांबवलं आणि तलवार उचलली. हलकी निघाली. तुमच्या हातात ती केवढी जड दिसायची. मी तुमच्या जागी, मिरचीच्या कुंडीच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "ते कसे यायचे?"

महानंदा लगेच म्हणाली, "आधी श्वास घ्यायचे. नाकातून. मला ऐकू यायचा." श्रीनिवास म्हणाला, "डावा खांदा आधी हलायचा. अय्यो, इतका नाही, थोडा." मला आठवत होतं तुमचं मनगट, कारण मी कायम तिथेच बघायचे. आम्ही तुम्हाला कायम समोरून पाहिलं होतं, आणि प्रत्येकानं तुमचा वेगळा तुकडा जपून ठेवला होता. "पाऊल लहान." "नाही, शेवटचं मोठं." "डोळे मिटत नाहीत, मॅडम, तुम्ही मिटताय." श्रीनिवासनं माझा कोपर धरून जागेवर आणला. घामानं डोळे चुरचुरत होते, पत्रा तापायला लागला होता, आणि जुळवत जुळवत एकदम ते आलं. सर, ते आलं! तुमची चाल माझ्या अंगात. महानंदा काठी हातात घेऊन जागच्या जागी ओरडली, "यप्पा! हेच की!"

मग तिच्यावर खरा वार केला. तुमच्या जागेवरून मी पहिल्यांदा काठीवाल्याचा चेहरा पाहिला. घाबरलेला, आणि त्याच वेळी आनंदानं फुललेला. तुम्ही आमचे हे असे चेहरे रोज बघत होतात, आणि कधी बोलला नाहीत.

आणि माझा हात थांबला नाही. मी थांबवायला गेले, पण तलवार खाली आलीच, पूर्ण जोरात. फळीवर आदळली, अंगठ्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. महानंदा तिथे असती तर डोकं फुटलं असतं. म्हणजे तुमचा मुद्दा खरा, सर. समोरच्याचा हात थांबेल यावर भरवसा ठेवू नये. पण महानंदा तिथे नव्हती. ती माझ्या शेजारी पोचली होती, काठीचं टोक माझ्या मनगटाशी, आणि खदखदून हसत होती. म्हणजे माझाही मुद्दा खरा. आता यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, आणि त्यावर मी काय म्हणणार तेही तयार आहे.

मी "हाय की!" ओरडले. माझ्या तोंडून कसं निघालं कळलं नाही. श्रीनिवास रुमालानं डोळे पुसत पुढे आला आणि माझ्या हातातली तलवार ओढायला लागला.

"आता मी हरतो," तो म्हणाला.

"थांबा की," महानंदा म्हणाली, "माझी पाळी आहे. मी एकदा जिंकलेय, आता मी हरणार."

"मी आधी मागितली."

"मी सरपंच आहे."

"मग काय झालं? माझ्याकडे तुमच्या गावापेक्षा जास्त माणसं आहेत!"

मी तलवार पाठीमागे धरून म्हटलं, माझं अजून एकदा राहिलंय. खालून काकूंचा आवाज आला, "अवो, काय चाललंय वर? कशावरनं भांडताय?" तिघंही तलवारीला धरून होतो, सर. आम्हाला कुणालाच तलवार सोडायची नव्हती.